बैसाणे नानांचा समुद्र

बैसाणे नानांनी आयुष्यात कधी कोणाला रस्ता विचारला नाही. विचारायची वेळ आली की ते मान ताठ करायचे, काचेतून समोर बघायचे आणि म्हणायचे, "माहीत आहे." ते ऐकलं की मी स्टिअरिंग घट्ट धरायचे, कारण गाडी माझी असायची.

त्यांच्या खात्यातल्या एका मित्राच्या मुलाचं चाळीसगावला लग्न होतं. कार्यालय काही सापडेना. मी म्हटलं, त्या पानवाल्याला विचारू. नानांनी समोरच्या मांडवाकडे बोट दाखवलं आणि उतरून चालायलाच लागले. आम्ही आत गेलो, नवरा-नवरीवर फुलं टाकली, वरणबट्टी आणि वांग्याची भाजी पोटभर जेवलो. आहेर द्यायला स्टेजवर चढलो तेव्हा कळलं, की नवराही तो नाही आणि नवरीही ती नाही. खरं लग्न दोन गल्ल्या पलीकडे लागून गेलं होतं. येताना अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, मागच्या सीटवर कपाळाला हात लावून बसल्या होत्या. पाचोरा मागे पडल्यावर नानांनी ढेकर दिली. मग म्हणाले, "भाजी मात्र झकास होती."

असा हा माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. मूळचे धुळ्याकडचे, साक्रीच्या अलीकडच्या खेड्यातले. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून नोकरी केली, जळगावात घर बांधलं आणि निवृत्त होऊन माझ्या नशिबी आले. मी पोस्टात काउंटरवर बसते, एकटी राहते आणि माझ्याकडे एक छोटी गाडी आहे. त्यांच्या लेखी यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती.

नानांच्या शर्टाच्या खिशात कायम खडू असायचा. घरात जिथे म्हणून पाणी साठवलेलं असेल तिथे ते रेघ मारायचे. ड्रमवर रेघ, कुलरच्या पत्र्यावर रेघ, गच्चीवरच्या टाकीवर रेघ. अक्कांच्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा एकदा रेघ सापडली होती. सकाळी उठून पाणी रेघेच्या किती खाली गेलं ते बघायचं आणि तेवढंच परत भरायचं. "जेवढं गेलं तेवढं द्यायचं, जसं गेलं तसं द्यायचं," हे त्यांचं जगाबद्दलचं एकमेव तत्त्वज्ञान होतं, आणि ते ऐकून ऐकून आमच्या गल्लीचे कान किटले होते.

पण या तत्त्वज्ञानाला एक इतिहास होता, तोही सांगितला पाहिजे. नोकरीत असताना रावेरकडच्या एका मोठ्या केळीवाल्याने त्यांना आपल्या शेताकडचं कालव्याचं दार थोडं वर उचलून द्यायला सांगितलं होतं. नानांनी दारावर खडूने रेघ मारली, शेजारी सतरंजी टाकली आणि डबा घेऊन तिथेच बसून राहिले. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं रान भिजल्यावरच उठले. केळीवाला जीप घेऊन आला, ओरडला, साहेबांचं नाव सांगून गेला. नानांनी त्याला फक्त रेघ दाखवली. हा किस्सा मला त्यांच्याकडून नाही, अक्कांकडून कळला. सांगताना अक्कांचा चेहरा असा काही व्हायचा, की नानांवरचा माझा राग दिवसभरापुरता तरी उतरायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. हुशार. खात्यात इंजिनिअर होईल, बापापेक्षा वरच्या खुर्चीवर बसेल, असं नानांनी धरून ठेवलं होतं. ती शिकायला गेली समुद्रातले प्रवाळ. नानांनी तेव्हा भर ओट्यावर तिला सुनावलं होतं की जळगावच्या पोरीचा आणि समुद्राचा काय संबंध, आणि जे दगड हलत नाहीत, बोलत नाहीत, त्यांची विद्या शिकून कोणाचं काय भिजणार आहे. मी माझ्या ओट्यावर गहू निवडत होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला. प्रज्ञाने पहिल्यांदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं, नंतर समजावणं सोडून दिलं. कोकणच्या किनाऱ्यावर एका संस्थेत ती नोकरीला लागली. दर बुद्धपौर्णिमेला घरी यायची, आईच्या हातची खीर खायची, आणि बापलेकीत जेवलीस का, गाडी वेळेवर होती का, ऊन फार आहे, एवढंच बोलणं व्हायचं.

मग नानांचे दात गेले. कवळी बसवायला ते धुळ्याच्या ओळखीच्या दंतवैद्याकडे जाऊ लागले, अर्थात माझ्या गाडीतून. त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात चांगली लांबरुंद काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. आत जांभळे-हिरवे प्रवाळ, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची जोडी, आणि एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखं दिसणारं पण बोटं हलवणारं जनावर. नानांचा नंबर पुकारला तरी ते उठेनात. कंपाउंडर त्यांना म्हणाला होता, की आबा, हे दगड नाहीत, जिवंत आहेत, रात्री तोंड उघडून खातात. परतताना पारोळा येईपर्यंत नाना खिशातला खडू बोटांत फिरवत होते. नंतर म्हणाले, "ताई, पोरगी खरं सांगत होती."

मला तेव्हाच गाडी थांबवून त्यांच्या हातात फोन द्यायला हवा होता. तेवढं एक वाक्य प्रज्ञाला सांगितलं असतं तर पुढचा सगळा मनस्ताप टळला असता. पण वाक्य सांगून मोकळं होणाऱ्यांतले नाना नव्हते. डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला निघाले आणि त्यांनी टाकी विकायला काढली, हे कळल्याबरोबर नानांनी ठरवून टाकलं. येत्या बुद्धपौर्णिमेला प्रज्ञा घरात पाऊल ठेवेल तेव्हा समोर समुद्र असला पाहिजे. तिला आधी एका शब्दाने कळता कामा नये. मला आणि अक्कांना तशी तंबीच होती.

टाकी आणायला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. टाकी टेम्पोत गेली आणि जिवंत माल माझ्या गाडीत. मी सीटवर प्लास्टिक अंथरत होते आणि डॉक्टर दारात उभे राहून नानांना एकेक गोष्ट समजावत होते. जुनी वाळू आणू नका, तिच्यात घाण साठलेली असते, हे मला ऐकू आलं. पाणी उडून कमी झालं की काय करायचं, असंही काहीतरी ते सांगत होते. नाना मान हलवत होते आणि दर वाक्याला म्हणत होते, "माहीत आहे हो डॉक्टर, सारी जिंदगी पाणीच मोजलं." डॉक्टरांनी शेवटी हात जोडले आणि आत गेले.

धुळे ते जळगाव नाना माशांची बादली मांडीवर घेऊन बसले होते. बादलीत बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप बुडबुडत होता. मागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेले प्रवाळांचे दगड, आणि त्यांच्या खाली, मला न सांगता, डॉक्टरांनी नको म्हटलेली सगळी वाळू. चांगली वाळू टाकून देणं नानांना पटलं नव्हतं. प्रत्येक गतिरोधकाला ते मला "हळू" म्हणायचे आणि प्रत्येक गतिरोधकाला पाणी माझ्या गिअरवर सांडायचं. एरंडोलला मी चहाला थांबू म्हटलं तर म्हणाले, मासे चहा घेत नाहीत. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, त्यातलं शिंगरू कोण ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या गाडीला पुढे कितीतरी दिवस सुक्या बोंबलाचा वास येत होता.

वाळू टाकीत पडली आणि पाणी दुधासारखं झालं. घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. दगडात लपून आलेली कोळंबी आणि गोगलगायी मेल्या, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. शेवटी सगळी वाळू उपसून काढावी लागली, आणि ती उपसायला भगुणी माझ्या घरची. तेव्हा अक्का पहिल्यांदा त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "पोरले फोन करा ना. तिले बठ्ठं माहीत शे."

नाना कोपरापर्यंत हात घालून वाळू काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तिले इचारीसन करं, ते मंग तिले दखाडानं काय?"

तिलाच विचारून केलं तर तिला दाखवायचं काय, असं म्हटल्यावर अक्का पुढचं भगुणं आणायला गेल्या. सुदैवाने पाणी निवळलं, मासे सावरले, प्रवाळ उमलले. संध्याकाळी दिवा लावला की ती टाकी खरंच सुंदर दिसायची, हे मी खोटं बोलणार नाही. गल्लीतली माणसं बघायला यायची आणि नाना सगळ्यांना काचेपासून हात लांब ठेवायला सांगायचे. बुद्धाच्या मूर्तीसमोर रोज लागणारी अगरबत्ती त्यांनी टाकीला धूर नको म्हणून ओट्यावर हलवली. अक्कांनी तेही सोसलं.

मग उन्हाळा लागला. आमच्या गावचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. त्या समुद्रातल्या जीवांना गारवा लागतो, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात दिवसभर एसी होता, हे टाकी घेताना आम्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नानांच्या घरात कुलर. दुपारी लाईट गेली की तोही नाही. नानांनी उपाय काढला. गल्लीतल्या प्रत्येक फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायला ठेवल्या आणि दुपारच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून ते दारोदार त्या गोळा करत फिरू लागले. माझ्या बर्फाच्या कप्प्यात पाहुण्यांसाठी ठेवलेला आमरस बाहेर निघाला आणि नानांच्या बाटल्या आत गेल्या. मी चिडले, बडबडले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बाटली नेऊन दिली.

बाटल्यांनी पाणी गार राहिलं. वर टेबलफॅन लावला होता, त्याने आणखी गार राहिलं. पण वाऱ्याने आणि उन्हाने टाकीतलं पाणी भराभर उडायचं. काचेवर खडूची रेघ होतीच. नाना सकाळ-संध्याकाळ बघायचे, पिण्याच्या जारच्या पाण्यात समुद्राचं मीठ नीट मापून कालवायचे, आणि टाकी बरोबर रेघेपर्यंत भरायचे. एक चमचा इकडेतिकडे नाही. इतक्या निगुतीने मी सख्ख्या आईलाही लेकराच्या आजारपणात करताना पाहिलं नव्हतं.

आणि तरी प्रवाळ मिटायला लागले. आधी जांभळे मिटले. नंतर हिरव्यांचे रंग उतरले आणि ते पांढरे पडले. समुद्रफूल आक्रसून सुपारीएवढं झालं आणि एके सकाळी दगडावरून गळून पडलं. डॉक्टरांनी खारटपणा मोजायची एक काचेची नळी दिली होती. तिच्यातला काटा पार वर जाऊन टेकला होता. नानांनी ती नळी झटकली, पुसली, पुन्हा बुडवली, आणि नळी बिघडली आहे असं जाहीर केलं. मी म्हटलं, नाना, नळी कशाला खोटं बोलेल. तर म्हणाले, "ताई, मी मापून टाकतो. जेवढं गेलं तेवढंच. माझ्या हातून चूक नाही."

प्रज्ञाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. रोज संध्याकाळी मी तो काढायचे आणि परत ठेवायचे. पालथ्या घड्यावर पाणी घालायचा मला कंटाळा आला होता, पण तिला न कळवण्याचा शब्द नानांना दिला होता. खरं सांगते, त्या दिवसांत मला नानांचा भयंकर राग यायचा. जगात एकच माणूस होतं जे हे जीव वाचवू शकलं असतं, ते त्यांच्या पोटचं होतं, आणि तेवढ्याच एका माणसाला विचारायचं नाही, असा हट्ट धरून हे गृहस्थ टाकीसमोर स्टुलावर बसलेले. पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात जोडीतला एक मासाही गेला. उरलेला एका कोपऱ्यात पंपाच्या नळीला चिकटून राहायचा.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी मी खिरीसाठी दूध द्यायला गेले, तर नानांनी टाकीवर पलंगपोस टाकला होता. समुद्र दाखवायचा होता तो माणूस आता समुद्र झाकून बसला होता. प्रज्ञा आली, पाया पडली, बॅग ठेवली आणि विचारलं, हे काय झाकलंय. नाना म्हणाले, जुनं कपाट आहे.

"कपाट बुडबुडतंय, नाना," प्रज्ञा म्हणाली.

अक्कांनी पुढे होऊन पलंगपोस ओढला.

प्रज्ञा टाकीजवळ गेली. मग तिने वाकून पांढरे पडलेले दगड एकेक करून पाहिले. कोपऱ्यातला मासा पाहिला, काचेवरची खडूची रेघ पाहिली. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. तिने शांतपणे विचारलं, की पाणी कमी झालं की वरून कोणतं टाकता. नाना म्हणाले, जे गेलं तेच, खारं.

"नाना, मीठ उडत नाही. नुसतं पाणी उडतं. मीठ सगळं आतच राहतं. त्यात तुम्ही रोज आणखी टाकत गेलात."

नानांनी काचेवरच्या रेघेकडे पाहिलं. तीस-पस्तीस वर्षं या माणसाने कालव्यातलं पाणी उन्हाने किती उडालं ते साहेबांना कळवलं होतं. बाष्पीभवन हा शब्द त्यांनी आमच्या गल्लीला शिकवला होता. ते हळूच स्टुलावर बसले आणि त्यांनी खिशातला खडू काढून हातात धरला.

प्रज्ञा चिडली होती, आणि तिचं चिडणं बरोबरच होतं. तिने ज्यांच्यासाठी घर सोडलं होतं तेच जीव इथे तिच्या नावाने मेले होते. ती म्हणाली, तुम्ही दगड म्हणत होता ना यांना, बघा, आता खरंच दगड झाले. मग आवाज चढवून म्हणाली, "एक फोन केला असता. एवढा कसला मोठेपणा, नाना?"

मला वाटलं आता नाना "माहीत आहे" म्हणतील. इतकी वर्षं मीही तेच समजत होते, की हा सगळा मोठेपणा आहे. नाना खडूकडे बघत बोलले, आणि प्रज्ञाशी नेहमी शुद्ध बोलणारा तो माणूस त्यांच्या आईच्या बोलीत बोलला.

"मोठेपणा नही, माय. ज्या विद्येले मी बिनकामनी म्हनेल शे, तीच विद्या तुनाकडे कशी मांगू? माले तोंड नव्हतं."

आत खीर उतू गेल्याचा वास आला, पण अक्का जागच्या हलल्या नाहीत.  प्रज्ञाने ओढणीने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि बापाच्या हातातून खडू काढून घेतला. नानांनी मान वर केली आणि तिला विचारलं, "मंग आते काय करानं?"

त्यांनी कोणाला काही विचारल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. प्रज्ञाने सांगितलं, की मगभर खारं काढायचं, मगभर साधं जारचं पाणी घालायचं, पण एकदम नाही, सावकाश, काही दिवस लावून. घाई केली तर हाही मरेल. नाना उठले आणि प्लास्टिकचा मग घेऊन आले. त्या दिवशी वंदनेला विहारात जायला सगळ्यांनाच उशीर झाला. मी करपलेली खीर खाऊन घरी आले. डोळ्यांतलं पाणी पुसताना मला माझाच राग आला.

मासा जगला. त्याला पुढचा उन्हाळा आमच्याकडे झेपणार नाही, म्हणून पावसाळा सरल्यावर तो प्रज्ञाकडे न्यायचं ठरलं, आणि त्याच्या निमित्ताने नाना-अक्काही तिकडे राहायला निघाले. रिकामी टाकी चाळीसगावच्या कोणीतरी नेली. नानांनी पुढचा हिवाळा कोकणात काढला आणि तिथेच त्यांचं देहावसान झालं. त्यामुळे जळगाव स्टेशनवर पाहिलेले नाना, हेच माझे शेवटचे नाना.

स्टेशनपर्यंत बादली या वेळी अक्कांच्या मांडीवर होती आणि "हळू" म्हणायचं कामही त्यांनीच केलं. गाडी फलाटाला लागली. अक्का चढल्या, बॅगा मी चढवल्या. नाना मात्र खाली उभे, दोन पायांमध्ये बादली, कानाला फोन. झाकण लावू का उघडं ठेवू, पंप आता चालू करू का गाडी हलल्यावर, पंखा थेट पाण्यावर आला तर चालेल का, असं एकामागून एक चाललं होतं. उत्तर आलं की मान हलवायचे आणि लगेच पुढचं विचारायचे. शिट्टी झाली. अक्का दारातून हाका मारायला लागल्या. मी नानांचा दंड धरून म्हटलं, नाना, चढा हो, गाडी सुटतेय, काय ते आत बसून बोला.

नानांनी दुसऱ्या हाताने मला थोपवलं. "थांबा ताई," ते म्हणाले, "पोरले इचारी राहिनू."